असेंबल्ड की ब्रँडेड?

मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवताना सगळ्यात आधी एक गोष्ट बघायची असते: भोकं जुळतात का. माझ्या मदरबोर्डला नऊ भोकं आहेत. बोर्ड एका तैवानी कंपनीचा, कॅबिनेट भलत्याच कंपनीचं, दोन्ही वेगवेगळ्या दुकानांतून आणलेली. ती बनवणारी माणसं आयुष्यात एकमेकांना भेटली असतील असं वाटत नाही. तरीही नऊच्या नऊ भोकं कॅबिनेटमधल्या पितळी स्टँडऑफवर बरोबर येऊन बसली.

यात काय विशेष, असं वाटेल. पण घरात जरा नजर टाका. एका कंपनीच्या मिक्सरचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बसत नाही. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याची बॅटरी शेजारच्याच्या फोनला चालत नाही, कधीकधी त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेललाही चालत नाही. मग संगणकासारखी गुंतागुंतीची वस्तू दहा कंपन्यांच्या सुट्या भागांतून घरी, चटईवर बसून जोडता येते, हे जरा विचित्रच आहे. हे असं व्हावं म्हणून कुणी ठरवून केलेलं नाही. उलट, हे होऊ नये म्हणून बरेच प्रयत्न झाले.

मी गेल्या वर्षी पहिल्यांदा पीसी असेंबल केला. मी सॉफ्टवेअरवाला. पदवी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची आहे, पण त्या पदवीचा आणि स्क्रूड्रायव्हरचा फारसा संबंध येत नाही. कॉलेजात ८०८६ची रजिस्टरं पाठ केली, व्हायव्हामध्ये ॲड्रेसिंग मोड धडाधड म्हणून दाखवले. लॅबमधल्या कॅबिनेटना मात्र कागदी सील असायचं आणि ते फोडायला सक्त मनाई होती. त्यामुळे ज्या यंत्राच्या जोरावर पगार घेतो त्याचं पोट उघडून बघायला वयाचं २८वं वर्ष उजाडलं. जोडणी तशी एका दुपारची. त्यात फार मोठं कौशल्य नाही. खाच कुठे आहे ते बघायचं, जोर कुठे लावायचा आणि कुठे नाही एवढं कळलं की पुरे. प्रोसेसरवरची पट्टी खाली दाबताना करकर आवाज येतो आणि पोटात गोळा येतो. तो सगळ्यांनाच येतो. मला खरा वेळ लागला तो त्यानंतर, हे सगळं एकमेकांत बसतंच कसं याचा शोध घेण्यात.

घरी जोडायच्या संगणकाची गोष्ट बहुतेक जण जानेवारी १९७५पासून सांगतात. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाचं यंत्र झळकलं. ते बनवणारी एमआयटीएस ही न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातली छोटी, कर्जात बुडालेली कंपनी. मालक एड रॉबर्ट्स. किटची किंमत ३९७ डॉलर. त्यातल्या इंटेल ८०८० या एकट्या चिपची छापील किंमत ३६० डॉलर होती, यावरून सौदा किती स्वस्त होता ते कळेल. मुखपृष्ठावरचा डबा मात्र रिकामा होता. खरं यंत्र न्यूयॉर्कला पाठवताना वाटेतच हरवलं, म्हणून फोटोसाठी घाईने पोकळ खोकं उभं केलं गेलं. मेमरी किती? २५६ बाइट. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, तेव्हा तुम्ही आत्ता वाचताय ते हे एवढं वाक्यसुद्धा त्या मेमरीत मावलं नसतं.

तरी हजारोंनी मागण्या आल्या. पण अल्टेअर ‘जोडणं’ म्हणजे आपण करतो तसं नव्हे. तिथे एकेक रेझिस्टर हाताने सोल्डर करायचा, रात्री जागवायच्या. आपल्या अर्थाने सुटा भाग होता तो एकच, आत खोचायचं कार्ड. त्यासाठी रॉबर्ट्सने १०० पिनांचा कनेक्टर वापरला, कारण तो स्वस्तात मिळत होता. थोड्याच दिवसांत दुसऱ्या लोकांनी त्या १०० पिनांत बसणारी आपापली कार्डं विकायला काढली. रॉबर्ट्सला हे अजिबात रुचलं नाही. अशा कंपन्यांची संभावना त्याने ‘बांडगुळं’ अशी केली. पण बांडगुळांची कार्डं बऱ्याचदा मूळ झाडाच्या कार्डांपेक्षा चांगली होती. पुढे एमआयटीएस विकली गेली, रॉबर्ट्स वैद्यकीचं शिक्षण घेऊन जॉर्जियात डॉक्टर झाला, आणि १०० पिनांची ती रचना मात्र ‘एस-१००’ या नावाने कितीतरी कंपन्यांच्या यंत्रांत जगत राहिली. या सगळ्या इतिहासात हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. दार उघडं राहतं ते मालकाच्या मनात असतं म्हणून क्वचितच.

माझ्या चटईवरच्या खोक्यांचा थेट पूर्वज मात्र अल्टेअर नव्हे. तो आयबीएमचा.

१९८०च्या उन्हाळ्यात आयबीएमला घाई झाली होती. छोट्या संगणकांचा बाजार वाढत होता आणि संगणकांच्या या सम्राटाकडे त्यात विकायला काही नव्हतं. कंपनीच्या नेहमीच्या चालीने नवं यंत्र बनवायचं तर काही वर्षं जाणार. तेव्हा फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या एका लहान गटाने सांगितलं की आम्ही वर्षभरात करून दाखवतो, पण आमच्या पद्धतीने. ही पद्धत म्हणजे घरचं काही बनवत न बसता बाजारात तयार मिळेल ते उचलायचं. प्रोसेसर इंटेलचा ८०८८. फ्लॉपी ड्राइव्ह टँडनचे, म्हणजे जुगी तांडन या भारतीय वंशाच्या उद्योजकाच्या कंपनीचे. प्रिंटर एप्सनचा, वर आयबीएमची पट्टी लावून. ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, आणि तीही मायक्रोसॉफ्टने दुसऱ्याकडून विकत घेतलेली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी हा आयबीएम पीसी जाहीर झाला. १६ किलोबाइट मेमरीच्या सगळ्यात साध्या मॉडेलची किंमत १,५६५ डॉलर. आत कार्डांसाठी पाच स्लॉट होते, आणि सोबत विकत मिळणाऱ्या तांत्रिक पुस्तकात सर्किटचे सगळे नकाशे छापलेले होते.

घाईतून झालेल्या खरेदीचे वण आजही जागोजागी दिसतात. इंटेल घेऊ की एएमडी, यावर मित्रांच्या ग्रुपमध्ये तुंबळ वाद होतात ना? त्याचं मूळ खरेदीखात्याच्या एका अटीत आहे. एखाद्या महत्त्वाच्या भागासाठी एकाच पुरवठादारावर विसंबून राहायचं नाही, हा आयबीएमचा शिरस्ता होता. त्यामुळे तीच चिप बनवणारा दुसरा उत्पादक इंटेलला हवा होता, आणि १९८२मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला. पुढे दोघं वर्षानुवर्षं कोर्टात भांडले, पण तोवर एएमडी त्या घरात शिरली होती. मी स्वतः एएमडी घेतला. कारण तात्त्विक वगैरे काही नाही. त्या महिन्यात स्वस्त पडत होता.

दुसरा वण तर पट्टीने मोजता येतो. १९८३मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी आणला. पाचाऐवजी आठ स्लॉट बसवायचे म्हणून दोन स्लॉटमधलं अंतर एका इंचावरून ०.८ इंचावर आणलं. तेच अंतर आजही आहे. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड घेताना दुकानदार सांगतो, ‘दोन स्लॉटचं आहे’, ‘अडीच स्लॉटचं आहे’. हे जे ‘स्लॉट’ नावाचं जाडीचं माप आहे, ते चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी आयबीएमच्या कुणा इंजिनिअरने आठ कार्डं कोंबण्यासाठी काढलेलं माप. कॅबिनेटचे जाड स्क्रूही तसेच, इंचातल्या आट्यांचे. भारतात सगळा कारभार मिलिमीटरमध्ये चालतो, कॅबिनेट बहुधा चीनमध्ये बनलेलं असतं, आणि स्क्रू मात्र अमेरिकी मापाचा. सोबतच्या पुडीत दोन जातींचे स्क्रू का येतात, आणि एका जातीचा दुसऱ्या भोकात का फिरत नाही, याचं उत्तर हे असं आहे.

तर सगळंच बाजारातलं होतं, मग आयबीएमचं स्वतःचं काय होतं? एक लहानसा प्रोग्रॅम. संगणक चालू केल्यावर कीबोर्ड, डिस्क, स्क्रीन यांना जागं करणारा आणि ऑपरेटिंग सिस्टिमला त्यांच्याशी बोलू देणारा बायोस. तो एका चिपमध्ये भरलेला होता आणि त्याचा कोडही त्या तांत्रिक पुस्तकात चक्क छापलेला होता. हा भाबडेपणा नव्हता. छापलेला कोड कॉपीराइटखाली येतो, आणि ज्याने तो एकदा वाचला त्याने नंतर तसाच कोड लिहिला तर चोरीचा आरोप ठेवणं सोपं जातं. म्हणजे पुस्तक उघडं, आणि वाचणाऱ्याचे हात बांधलेले.

इथे मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात आवडता भाग येतो. ह्यूस्टनमध्ये रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो या तिघांनी फेब्रुवारी १९८२मध्ये कॉम्पॅक काढली. आयबीएमचे सगळे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालतील असा, हातात उचलून नेता येणारा संगणक त्यांना करायचा होता. वजन जवळपास १३ किलो, म्हणजे ‘उचलून’ हा शब्द जरा सैलच. अडचण होती ती बायोसची. त्यांनी कामाचे दोन तुकडे केले. एका बाजूच्या लोकांनी आयबीएमचा कोड वाचायचा आणि फक्त एवढंच लिहून काढायचं की अमुक विचारलं तर तमुक उत्तर मिळतं. दुसऱ्या बाजूला असे प्रोग्रॅमर, ज्यांनी तो कोड कधीच पाहिलेला नाही. त्यांनी ती यादी घ्यायची आणि आपल्या डोक्याने नवा कोड लिहायचा. मधे भिंत, आणि भिंतीवर वकिलांचा पहारा.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ‘इंटरफेस’ आणि ‘इम्प्लिमेंटेशन’ वेगळं ठेवा असं उठता-बसता म्हणतो. मुलाखतीत विचारतात, आपण पाठ केलेलं उत्तर देतो. त्या दोन शब्दांमधल्या फटीवर एक अख्खा उद्योग उभा राहिला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एखादी गोष्ट काय करते यावर मालकी सांगता येत नाही. ती कशी लिहिली आहे यावर सांगता येते. कॉम्पॅकने हा फरक अक्षरशः दोन खोल्यांत विभागून दाखवला. ही भिंत उगाच नव्हती, हे लवकरच दिसलं. ऑगस्ट १९८३मध्ये ॲपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने म्हटलं की चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रॅमलाही कॉपीराइट लागू होतो. फ्रँकलिनने ॲपलचा कोड सरळ उतरवला होता, इतका सरळ की त्यात ॲपलच्या एका प्रोग्रॅमरचं नावही तसंच राहून गेलं होतं. १९८४मध्ये आयबीएमनेही बायोसची नक्कल केली म्हणून कोरोना आणि ईगल या कंपन्यांना कोर्टात खेचलं. कॉम्पॅकला कुणी हात लावू शकलं नाही. मार्च १९८३पासून मशीन बाजारात गेली आणि पहिल्याच वर्षी कंपनीने ५३,००० विकली.

त्यानंतर फिनिक्स नावाच्या कंपनीने अशाच भिंतीआडून स्वतःचा बायोस लिहिला आणि १९८४पासून तो मागेल त्याला विकायला सुरुवात केली. आयबीएमचा म्हणून जो एकच भाग उरला होता, तोही आता दुकानात मिळू लागला. ज्याच्याकडे भांडवल आहे आणि सोल्डरिंगची लाइन आहे, त्याने पीसी बनवावा. पीसीच्या गटाचा प्रमुख डॉन एस्ट्रिज २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसच्या विमान अपघातात गेला. आपल्या यंत्राचं पुढे काय झालं ते त्याला फारसं बघायला मिळालं नाही.

आयबीएमने दार पुन्हा लावून बघितलं. एप्रिल १९८७मध्ये पीएस/२ ही नवी मालिका आली. आतल्या कार्डांची रचना बदललेली, नाव मायक्रो चॅनेल, सगळं पेटंटमध्ये बांधलेलं. ज्यांना वापरायची असेल त्यांनी परवाना घ्यावा, आणि आधीच्या मशीनबद्दलचीही रॉयल्टी चुकती करावी. तांत्रिकदृष्ट्या मायक्रो चॅनेल जुन्या रचनेपेक्षा चांगली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण १९८८मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि जुनी कार्डंही चालतील अशी स्वतःची रचना त्यांनी जाहीर केली. लोक त्या नऊ जणांच्या मागेही फारसे गेले नाहीत. ते जुन्याच स्लॉटला चिकटून राहिले. पण आयबीएमच्याही मागे गेले नाहीत, आणि पीसीवरचा तिचा शब्द तिथे संपला. २००५मध्ये तिने पीसीचा धंदाच चिनी लेनोवोला विकून टाकला. पीएस/२चं एक मात्र टिकलं: कीबोर्ड आणि माउसचं गोल पोर्ट. माझ्या कोऱ्या करकरीत बोर्डच्या पाठीमागेही ते एक आहे, अर्धं जांभळं, अर्धं हिरवं. त्यात मी काही लावलेलं नाही.

आता अमेरिकेतून आपल्याकडे येऊ, कारण आयबीएमच्या हातून सुटलेला हा संगणक आपल्या घरांत ज्या नावाने आला तो शब्द होता ‘असेंबल्ड’.

आयबीएमने १९७८मध्ये भारतातलं बस्तान गुंडाळलं होतं. परकी कंपन्यांनी मालकीतला हिस्सा कमी करावा, ही सरकारची अट तिला मान्य नव्हती. नोव्हेंबर १९८४मध्ये राजीव गांधी सरकारने नवं संगणक धोरण आणलं, परवान्यांचा फास सैल केला आणि आयात सोपी केली. त्याच दशकात तिकडे तैवानमध्ये मदरबोर्डच्या कंपन्या उभ्या राहत होत्या: गिगाबाइट आणि एमएसआय १९८६च्या, असुस १९८९ची. त्यांचा माल मुंबईत उतरायचा तो ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. रेडिओचे व्हॉल्व्ह आणि स्पीकर विकणाऱ्या या बाजाराला रॅम आणि हार्ड डिस्क विकायला वेगळं काही शिकावं लागलं नाही. सुटा भाग घ्या, पारखून घ्या, बिल हवं की नको ते सांगा. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरात एसपी रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. प्रत्येक शहराची अशी एक गल्ली असते.

आमच्या सांगलीच्या घरात २००६ साली पीसी आला. त्याआधी दोन महिने घरात एकच चर्चा होती, असेंबल्ड की ब्रँडेड. ब्रँडेडला वॉरंटी असते, असं काका म्हणत. असेंबल्डमध्ये तेवढ्याच पैशांत दुप्पट रॅम येते, असं बाबांच्या ऑफिसातले कुणी म्हणत. शेवटी बाबांनी दुकानातून पॅडच्या कागदावर लिहिलेलं कोटेशन आणलं: मदरबोर्ड, प्रोसेसर, ५१२ रॅम, ८० जीबी हार्ड डिस्क, कॅबिनेट विथ एसएमपीएस, १७ इंची मॉनिटर, यूपीएस. बेरीज बावीस हजारांच्या आसपास. विंडोज एक्सपीचा त्या कागदावर उल्लेख नव्हता. ती मशीनमध्ये आपोआप उगवली आणि ती कुठून आली हे विचारायची आमच्या गल्लीत पद्धत नव्हती.

त्या बेरजेतही एक इतिहास दडलेला आहे, जो मला या शोधात सापडला. डिसेंबर १९९६मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरचं आयात शुल्क काढून टाकण्याचा करार झाला. भारत त्यात १९९७मध्ये सामील झाला आणि २००५पर्यंत त्या यादीतल्या वस्तूंवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. २००६मध्ये आमच्या घरात पीसी परवडण्यामागे हेही एक कारण असणार. याच कराराने देशातल्या हार्डवेअर उत्पादनाचं कंबरडं मोडलं असं म्हणणारेही आहेत, आणि ते चुकीचं म्हणत नाहीत. माझ्यासारख्यांना संगणक स्वस्त मिळाला. तो बनवणं आपण शिकलो नाही.

दुरुस्त करणं मात्र शिकलो. पीसीसोबत एक दादा यायचा. मॉनिटर काळा राहिला आणि बीप वाजायला लागले, की दादा कॅबिनेटचं झाकण काढणार, रॅमची पट्टी उपटणार, माझ्या कंपासपेटीतला खोडरबर मागून तिचे सोनेरी दात घासणार आणि परत बसवणार. दहापैकी सात वेळा पीसी चालू. यात जादू काही नव्हती. त्या दातांवर धूळ आणि मळ बसतो, स्पर्श नीट होत नाही, रबराने तो निघतो. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी आईची तक्रार असायची. दादा म्हणाला, ‘काकू, अर्थिंग नाही घरात.’ एसएमपीएसमधले गोंगाट गाळणारे कपॅसिटर थोडासा करंट कॅबिनेटच्या पत्र्याकडे सोडतात. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर आईच्या बोटांत. हे कारण मला कॉलेजनंतर कळलं. दादा बारावीनंतर एक कोर्स करून दुकानात लागला होता. त्याला कारण माहीत होतं की नाही कुणास ठाऊक, पण उपाय माहीत होता.

दादाची आणखी एक करामत मी गेल्या वर्षी स्वतः करून पाहिली. एसएमपीएस मेला आहे की जिवंत, हे बघायला तो मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि एक काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडायचा. पंखा फिरला तर जिवंत. हे चालतं ते १९९५मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स या मानकामुळे. त्याआधीच्या एटी जातीच्या मशीनमध्ये पुढचं बटण थेट घरची वीज तोडायचं. म्हणूनच विंडोज ९५ शेवटी, आता बंद करायला हरकत नाही, असा संदेश दाखवून थांबायचं. बटण आपणच दाबायचं. एटीएक्समध्ये बोर्डला कायम थोडी वीज मिळत राहते आणि बोर्डच हिरव्या वायरवरून एसएमपीएसला उठवतो. एटीमध्ये बोर्डला वीज देणारे कनेक्टरही दोन असायचे, दिसायला जवळपास सारखे, आणि उलटे लावले की बोर्ड जळायचा. काळ्या वायरी मधे, काळ्याशेजारी काळी, हा त्या काळच्या कारागिरांचा मंत्र. एटीएक्सने एकच कनेक्टर ठेवला, जो चुकीच्या बाजूने बसतच नाही. आणि बोर्डचं माप ठरवलं, ३०५ बाय २४४ मिलिमीटर, भोकांच्या जागांसकट. त्यातल्या काही जागा आयबीएमच्या वेळच्या बोर्डांपासून चालत आलेल्या आहेत.

पुढच्याच वर्षी यूएसबी आलं. इंटेलमधल्या त्या गटाचे प्रमुख अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. यूएसबी पहिल्या झटक्यात कधीच बरोबर बाजूने लागत नाही, त्याचं कारण त्यांनी सांगितलेलं आहे: दोन्ही बाजूंनी लागणारा प्लग महाग पडला असता. स्वस्त ठेवला नसता तर तो सगळ्यांनी स्वीकारला नसता.

पण माझ्यावर पीसी जोडायची वेळ आली ती या इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. माझा चार वर्षांचा लॅपटॉप रडायला लागला होता, आठ जीबी रॅम पुरत नव्हती. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने मागचं झाकण उघडलं, बघितलं आणि परत लावलं. ‘सर, रॅम बोर्डला सोल्डर केलेली आहे. वाढणार नाही.’ पट्टीच नाही, तर खोडरबराने घासणार काय? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा सल्ला होता, नवा घ्या.

या बंद डब्याचा इतिहासही जुनाच आहे. १९७७च्या ॲपल टूमध्ये आठ स्लॉट होते, कारण वॉझनियाक त्यावर अडून बसला. जॉब्सला दोनच हवे होते. १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये एकही नव्हता, आणि झाकण उघडायला साध्या दुकानात न मिळणारा लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर लागायचा. २००८च्या मॅकबुक एअरमध्ये मेमरी बोर्डलाच चिकटली. मग इतरांनीही तेच केलं, आणि फोन तर जवळपास सुरुवातीपासूनच तसे. कारणं सगळीच खोटी नाहीत: सोल्डर केलेली मेमरी कमी जागा घेते, कमी वीज खाते, वेगवान असते. मायक्रो चॅनेलही जुन्या स्लॉटपेक्षा चांगलीच होती.

डेस्कटॉप आजवर या प्रवाहाबाहेर राहिला. पण तो किती दिवस राहील हे स्लॉट आणि भोकं ठरवणार नाहीत. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने जाहीर केलं की सामान्य ग्राहकाला क्रुशल या नावाने रॅम आणि एसएसडी विकणं आपण बंद करणार. चिप आता एआयच्या डेटा सेंटरना हव्यात. जगात रॅमच्या मोठ्या चिप बनवणाऱ्या कंपन्या मुळात तीन, त्यातली ही एक. भाव त्याआधीच उसळले होते.

माझ्या बोर्डवर रॅमचे चार स्लॉट आहेत. दोन भरले, दोन नंतर भरू म्हणून मोकळे ठेवले. मागच्या आठवड्यात त्याच दुकानदाराला फोन करून आणखी दोन पट्ट्यांचं कोटेशन मागितलं. त्याने व्हॉट्सॲपवर आकडा पाठवला. गेल्या वर्षी प्रोसेसरला मोजले होते त्याहून जास्त. खाली लिहिलं होतं, ‘हा आजचा रेट. उद्याचा उद्या विचारा.’